खोटं अस्वल

घनश्यामच्या चेहऱ्याची डावी बाजू अस्वलाने ओरबाडून नेली, त्याला सहा वर्षं होऊन गेली होती. डोळा वाचला. पण गाल आत ओढला गेला, ओठाचा कोपरा कायमचा वर चढला, आणि कानाच्या जागी नुसती एक शिवलेली सुरकुती राहिली. तो हसला तरी माणसाला वाटे, हा चिडला. लहान पोरं त्याला बघून आईच्या मागे दडायची. घाटंजीच्या बाजारात वर्षानुवर्षांच्या ओळखीचा दुकानदारसुद्धा त्याच्या खांद्याकडे बघून बोलायचा. मग त्याने बाजार सोडला. लग्नकार्यं सोडली. घरी पाहुणे आले की डोक्यावरून दुपट्टा ओढून मागच्या दाराने वावराकडे निघून जाऊ लागला. बाजारहाट, कापूस घेऊन जिनिंगवर जाणं, लेकीच्या कॉलेजात भेटायला जाणं, सगळं विमलच्या अंगावर आलं.

विमल त्याची बायको. त्याच सकाळी तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, करंगळी आणि तिच्या शेजारचं. पण हाताचं काय, तो पदराखाली जातो.

मोहाचे दिवस होते तेव्हा. दोघं वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या मोहाखाली, फुलं वेचत होती. घनश्याम नाल्यात उतरला आणि पिल्लं पाठीवर घेऊन येणाऱ्या अस्वलीच्या थेट पुढ्यात गेला. विमलने आधी आवाज ऐकला. ती धावली, धावता धावता उभ्या बैलगाडीची उभारी, म्हणजे बाजूला लावायचा तो जाड दांडका, उपसला आणि नाल्यात उडी घेतली. अस्वल घनश्यामच्या छाताडावर बसलं होतं. तिने त्याच्या नाकाडावर दांडका घातला. ते तिच्याकडे वळलं, तिचा हात तोंडात धरला, आणि ती उरलेल्या हाताने मारत राहिली. केव्हातरी त्याने हात सोडला आणि पिल्लं घेऊन ते झुडपात गेलं. मग तिने नवऱ्याला ओढत वर आणलं, गाडीत घातलं आणि बैल सडकेपर्यंत पळवले. पलीकडच्या वावरातली सुखीबाई आरडत आली, ती सडकेवर भेटली.

गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच कोणी बोलत नव्हतं. दुःखाची गोष्ट परत परत कोण काढतं?

मग एका उन्हाळ्यात टीव्हीवाले आले. ‘जगेल तोच’ नावाचा कार्यक्रम होता. शहरातली दहा तरणीताठी माणसं रानात सोडायची, त्यांनी कंदमुळं खाऊन, नाल्याचं पाणी पिऊन राहायचं, हरेल त्याने घरी जायचं. या सगळ्याचा मुख्य माणूस सलील. तो मूळचा यवतमाळचाच. आजोबा वकील, वडील कमलाकरराव सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले. सलील मुंबईला जाऊन टीव्हीत शिरला होता आणि आपल्या भागात शूटिंग आणल्याचा त्याला अभिमान होता. अडचण एकच होती. टेकडीच्या पल्याड गार हवेची गाडी उभी असायची, जेवणाचे डबे असायचे, आणि हे स्पर्धकांना माहीत असल्यामुळे कोणाच्या चेहऱ्यावर भीती म्हणून येत नव्हती. कोणीतरी त्याला घनश्यामचं सांगितलं.

सलील घरी आला तेव्हा घनश्याम नेहमीसारखा मागच्या दाराकडे निघालाच होता. सलीलने त्याला हाक मारून थांबवलं, समोर बसवलं, दुपट्टा बाजूला करायला सांगितलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. खांद्याकडे नाही, चेहऱ्याकडे. किती वर्षांनी कोणी असं बघत होतं.

“घनश्यामभाऊ,” तो म्हणाला, “तुम्ही नुसते शेकोटीपाशी बसा आणि काय झालं ते सांगा. बाकी काही करू नका. तुमचा चेहराच पुरेसा आहे.”

विमल चहा घेऊन दारात उभी होती. नवऱ्याची मान ताठ झालेली तिने पाहिली. नाही म्हणायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा घनश्यामने खरं तेच सांगितलं. “मी नाल्यात उतरलो. ते अंगावर आलं. मी पडलो. ही धावत आली, हिनं मारलं. ते गेलं.” एवढंच. पाच वाक्यांत सगळं संपलं. स्पर्धक पोरापोरींनी माना हलवल्या.

सलीलने कॅमेरा थांबवला. तो वाईट माणूस नव्हता, समजावून सांगायची त्याला हातोटी होती. “भाऊ, एकटा माणूस आणि अस्वल, हे कसं काळजाला भिडतं. ताई आल्या की बघणारा म्हणतो, चला, सुटला. भीती तिथंच मरते. आपण फक्त असं धरू, की तुम्ही एकटे होतात.”

घनश्यामने बाजूला उभ्या विमलकडे पाहिलं. सगळेच तिच्याकडे बघू लागले.

“सांगा त्याईले पायजे तसं,” विमल म्हणाली. “मले काय करायचं हाय.”

हे तिचेच शब्द होते. पुढे कितीदा तरी तिला ते आठवले.

दुसऱ्यांदा सांगताना घनश्याम एकटा होता. तिसऱ्यांदा त्याने अस्वलाचा जबडा दोन्ही हातांनी धरला. कार्यक्रम लागला त्या दिवशी गाव सरपंचाच्या ओट्यावर जमलं. पडद्यावर शेकोटीच्या उजेडात घनश्यामचा गाल, खाली ढोलासारखं धडधडणारं संगीत, आणि त्याचं वाक्य, “मी त्याच्या डोळ्यांत पायलं, म्हटलं, आज तू नाई त मी नाई.” पोरांनी टाळ्या वाजवल्या. सुखीबाईने विमलला कोपर लावलं. विमल हसली. टीव्हीचं असंच असतं, म्हणाली.

खरं सांगायचं तर तिला आधी बरंच वाटलं. नवरा दुपट्टा खुंटीला टांगून बाजाराला निघाला. बाभुळगावच्या एका शाळेत त्याला बोलावलं, मारेगावात शाल-श्रीफळ दिलं. पोरं भिऊन पळायची ती आता फोटो काढायला त्याच्या गळ्यात पडू लागली. रात्री तो घोरू लागला. इतकी वर्षं तो धड झोपला नव्हता. त्याच्या शेजारी पडून ते घोरणं ऐकताना विमलला वाटे, एवढ्याशा खोट्याने माणूस परत मिळाला तर मिळू दे.

लेक खुशी मात्र भडकली. ती यवतमाळला नर्सिंगला होती. तिने मोबाइलवर त्या व्हिडिओखाली लिहिलं, माझ्या बाबांना माझ्या आईने वाचवलं, आईची दोन बोटं गेली आहेत. संध्याकाळपर्यंत तिला शंभर लोकांनी वेड्यात काढलं. कोणी लिहिलं, फुकटची प्रसिद्धी पाहिजे हिला. कोणी लिहिलं, बाईला अस्वल मारताना कोणी पाहिलं का, जरा पटेल असं तरी खोटं बोला. खुशीने फोन केला तेव्हा ती रडत होती.

“कायले लिवलं बाई तू,” विमल म्हणाली. “होऊन गेलं ते.”

“तू गप्प राह्यतं म्हणूनच असं होऊन राह्यलं,” खुशी म्हणाली आणि फोन ठेवला.

दिवाळीनंतरची गोष्ट. वर्ध्याकडचे दोन पाहुणे घनश्यामला भेटायला आले होते. विमल पाण्याचे गडवे घेऊन बाहेर आली. त्यातल्या एकाचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. “वहिनींच्या हाताला काय झालं?” त्याने विचारलं. तसं विचारायला काही हरकत नव्हती.

“तिचं होय,” घनश्याम म्हणाला, “सोयाबीन काढताना थ्रेशरमदी गेलं.”

“अरेरे,” पाहुणा म्हणाला.

विमलने गडवे खाली ठेवले. आत आली आणि चुलीपुढे बसली. चुलीत जाळ नव्हता, काही करायचंही नव्हतं. नवऱ्याने तिला गोष्टीतून काढलं ते तिने सोसलं होतं, कारण तिथे तिने स्वतःच वाट करून दिली होती. पण बोटं तिची होती. त्यांना दुसरीकडे नेऊन टाकायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, ना सलीलने, ना आणखी कोणी. पाहुणे गेल्यावर तिने विचारलं, “थ्रेशर काहून म्हटलं तुमी?”

“मंग काय सांगू?” तो म्हणाला. “एकटा होतो म्हणून अख्ख्या दुनियेले सांगतलं. तुही बोटं मंग अस्वलानं कशी खाल्ली?”

त्यात चूक काढायला जागा नव्हती. एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच. विमल त्यानंतर त्याच्याशी कामापुरतंच बोलू लागली, आणि त्याला ते लवकर कळलंही नाही.

पुढच्या मे महिन्यात सलील परत आला. या खेपेला घनश्यामला ‘रानगुरू’ म्हणून कायमचं घेतलं होतं. स्पर्धकांना त्याने रान दाखवायचं, धोका सांगायचा. सेटवरच्या माणसांना भाकरी आणि वांग्याची भाजी करायला विमलला बोलावलं. ती गेली. घरी बसून तरी काय करणार होती.

तिथे तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं. उपाशी म्हणून दाखवलेली पोरगी चुलीमागे बसून तिच्या हातची गरम भाकरी खायची. रात्र म्हणून दाखवायचे प्रसंग भर दुपारी व्हायचे, नंतर यंत्रावर काळे करायचे. आणि एका पेटीत अस्वल होतं. काळ्या केसांचा अंगरखा, रबरी तोंड, नखं. ते घालायला नागपूरचा ऋतिक नावाचा मुलगा आणला होता. हसरा, सगळ्यांना काका-काकू म्हणणारा. अस्वल झुडपातून येणार, स्पर्धक पळणार, रानगुरू मधे उभा राहून त्याला हाकलणार, असं ठरलं. कोणी कोणत्या बाजूला पळायचं हेसुद्धा ठरलं. घनश्यामने अंगरख्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, “केस लयच मऊ हायेत बापा.” सगळे हसले.

दुपारी एकदा नुसती तालीम झाली. ऋतिक साध्या कपड्यांत ओणवा होऊन आला, घनश्यामने काठी उगारली, झालं.

चारच्या सुमाराला खरं चित्रीकरण सुरू झालं. या वेळी ऋतिक अंगरख्यात होता, आणि झुडपात मोठे स्पीकर ठेवले होते. तालमीत ते लावले नव्हते. त्यातून आवाज आला तो मात्र खऱ्या अस्वलाचा होता, कुठेतरी भरून आणलेला. आधी घशातली खरखर, मग ते किंचाळल्यासारखं गुरकावणं.

विमल चुलीपाशी उभी होती. हातात भाकरी उलटायचा सराटा होता, तो तिने दांडक्यासारखा घट्ट धरला, आणि नसलेल्या बोटांत कळ गेली. पण तिची नजर अस्वलाच्या पायांवर पडली. अंगरखा आखूड होता, खाली निळे बूट दिसत होते. तिने सराटा खाली केला.

घनश्यामला बूट दिसले नाहीत. त्याला काहीच दिसलं नसावं. काठी त्याच्या हातातून गळाली. तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर पडला, दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं, आणि त्याची पँट ओली झाली. मग तो ओरडला.

“विमल, धाव वं. विमल, मार त्याले. विमल.”

नाल्यात तो हेच ओरडला होता. असंच, याच आवाजात. इतक्या वर्षांत त्या शब्दांची त्याने कधी आठवण काढली नव्हती, आणि विमलला वाटलं होतं की त्या सकाळी रक्ताबरोबर ते त्याच्या डोक्यातून वाहून गेले असतील. ते तिथेच होते.

ती जागची हलली नाही. बूट दिसताहेत, ते पोरगं आहे, कायले धावायचं, असं तिने मनाला सांगितलं. पण मनाने आणखीही एक गोष्ट सांगितली. जिची बोटं थ्रेशरमधे गेली तिला हा कशासाठी हाक मारतो?

कोणी थांबा म्हटलं नाही. कॅमेरा घेतलेला माणूस वाकून घनश्यामच्या तोंडापर्यंत गेला. शेवटी ऋतिकलाच राहवलं नाही. त्याने अस्वलाचं डोकं उपसून काढलं, घामाने थबथबलेला, आणि त्याच्याजवळ बसून म्हणाला, “काका, मी आहे. ऋतिक. काका, बघा ना.” घनश्याम हाका मारतच होता. स्पीकर बंद केले तेव्हा कुठे त्याचा आवाज खाली आला.

मग विमल गेली. त्याच्या तोंडावरचे हात काढले, पाणी पाजलं, स्वतःचा पदर सोडून त्याच्या कमरेभोवती धरला आणि त्याला उठवून गाडीच्या आडोशाला नेलं. जाताना तिने सलीलला पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. तो शेजारच्या मुलीला म्हणत होता, “इतकं खरं आजवर कोणाला मिळालेलं नाही.” आणि लगेच, “ते नाव तेवढं काढून टाकू. लोक विचारतील, विमल कोण.”

घरी आल्यावर घनश्याम आंघोळ करून खाटेवर बसला. विमलने ताट वाढलं.

“तू आली नाईस,” तो म्हणाला.

“खोटं होतं ते.”

“मले कुठं माहीत होतं?”

“अंगावर हात फिरवला तुमी त्याच्या. मऊ हाय म्हटलं.”

“माहीत नोतं मले तवा,” तो म्हणाला. “मी मरून राह्यलो होतो. तू पाहत उभी होती.”

विमलला सांगता आलं असतं. वर्ध्याचे पाहुणे, थ्रेशर, सगळं. तिने तोंड उघडलंसुद्धा. पण समोर बसलेल्या माणसाचा घास ओठाच्या वाकड्या कोपऱ्यातून खाली पडत होता, आणि तिच्या लक्षात आलं की तो जे म्हणतो तेही खरंच आहे. तो मरत होता आणि ती उभी होती. बुटांचा हिशेब त्याच्या भीतीला लागू नव्हता.

“जेवा,” ती म्हणाली.

तो भाग सगळीकडे गाजला. जिथे जिथे त्याने विमल म्हटलं होतं तिथे अस्वलाची गुरगुर भरली होती, त्यामुळे त्याचं तोंड नुसतंच उघडमीट होताना दिसत होतं. ओली पँट काळोखात गेली होती. गावात आधी दबक्या आवाजात हसू झालं. मग घनश्यामच म्हणू लागला, “ॲक्टिंग होती ते. सलीलभाऊनं शिकवलं मले.” लोकांना ते लगेच पटलं. इतकी चांगली ॲक्टिंग घाटंजी तालुक्यात कोणी केली नव्हती, असं एका सभेत माइकवरून सांगितलं गेलं. मागे जबडा धरल्याचं खोटं लोकांनी खरं मानलं होतं, आता ही एक खरी गोष्ट खोटी म्हणून त्यांनी डोक्यावर घेतली. घनश्यामला दोन्हीचा मान मिळाला.

पावसाळ्यात सलीलचा फोन आला, या वेळी विमलला. खुशीने लिहिलेलं केव्हातरी त्याच्या वाचनात आलं होतं. आता बायकांच्या गोष्टी चालतात, म्हणाला. “ताई, तुमचीच गोष्ट करू. तुम्ही उभारी घेऊन धावता, ऋतिक अंगरखा घालेल. हात अगदी जवळून दाखवू. शेवटी फक्त थोडं रडायला लागेल.”

“मले नाई जमत,” विमल म्हणाली.

“विचार करा. तुमच्यावर अन्यायच झाला होता एक प्रकारे.”

“नाई जमत भाऊ,” ती परत म्हणाली आणि फोन ठेवला.

घनश्याम खाटेवरून ऐकत होता. “जाय न,” तो म्हणाला. “इतके दिवस त्याच्यासाठीच त तोंड फुगवून होती. तुले तेच पायजे होतं.”

विमलला काय पाहिजे होतं ते फार लहान होतं. त्या दिवशी पाहुण्याने विचारलं तेव्हा त्याने म्हणायला हवं होतं, माह्यासाठी गेली तिची बोटं. एकदा, दोन माणसांपुढे, कॅमेऱ्याशिवाय. एवढंच. पण हे मागून घ्यायचं नसतं, आणि मागितल्यावर मिळालं तर त्याचं काही करता येत नाही. ती आत निघून गेली. तिला तेच पाहिजे होतं असं त्याने कायमचं धरून घेतलं.

सलील पुढच्या वर्षी दुसऱ्या राज्यात गेला. खुशीला नागपुरात नोकरी लागली. सुट्टी मिळाली की ती आईलाच तिकडे बोलावून घेते, घरी फारशी येत नाही. घनश्यामची भाषणं अजून होतात. आता तो आधी जबडा धरल्याचं सांगतो आणि मग ॲक्टिंग करून दाखवतो. टाळ्या जास्त ॲक्टिंगला पडतात.

परवा मोहाच्या दिवसांत विमल सुखीबाईबरोबर धुऱ्यावर गेली होती. ऊन बरंच वर आलं होतं. नाल्याच्या पलीकडच्या काठावर अस्वल होतं, पाठीवर दोन पिल्लं. ते जमीन हुंगत होतं, बायकांकडे त्याचं लक्ष नव्हतं. दोघी टोपल्या तिथेच ठेवून मागे मागे सरकत आल्या आणि लांबच्या रस्त्याने गावात परतल्या.

घरी घनश्याम टीव्हीपुढे बसला होता. “टोपली कुठी हाय?” त्याने विचारलं.

“नाल्यावर अस्वल हाय,” विमल म्हणाली. “पिल्लंवालं.”

त्याने टीव्हीवरची नजर काढली. “शूटिंगवाले आलते काय परत?”

“नाई,” ती म्हणाली.

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती खोटं बोलत नाही हे त्याला इतरांपेक्षा जास्त माहीत होतं. मग तो उठला, भर सकाळी दाराला आतून कडी घातली, मागच्या दाराचीही घातली आणि परत येऊन बसला. विमल आत जाऊन चूल पेटवू लागली. बाहेरच्या खोलीत त्याने टीव्हीचा आवाज मोठा केला.